कावूनतात्या आणि मातीचा खांब

सन बहात्तर. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि कुणालाही काही विचारायचं नाही, हा माझा स्वभाव होता. विचारलं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल केल्यासारखं वाटायचं. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण ताठा मॅट्रिकच्या वरचा. त्याच साली मला एक माणूस भेटला, जो उठल्यापासून झोपेपर्यंत विचारण्याशिवाय दुसरं काही करत नव्हता.

आमच्या कडा गावाच्या भागात ‘का’ म्हणायच्या जागी ‘कावून’ म्हणतात. हा माणूस प्रत्येक गोष्टीला कावून म्हणायचा, म्हणून दुष्काळी कामावरच्या बायांनी त्याचं नाव कावूनतात्या ठेवलं. त्यालाही ते आवडलं असावं, कारण पुढं तो स्वतःच तसं सांगायचा. उंच, वाळका माणूस. बीडच्या आडत बाजारात पोती वाहून मान डाव्या खांद्याकडं कललेली. त्यामुळं समोरचा बोलायला लागला की हा त्याच्याकडं मुद्दाम कान नेतोय असं दिसायचं. मला आधी ते सोंग वाटलं. नंतर कळलं की मान कललेली होती हेही खरं, आणि तो ऐकत होता हेही खरं.

पाऊस आधल्या सालीही धड नव्हता. त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले. आमची मेंढरं थोरला भाऊ गोदाकाठी गंगथडीला घेऊन गेला, ती तिकडंच संपली. मग मी, माझी माय आणि माझी बायको कौसा तळ्याच्या कामावर गेलो. पाझर तलावाचं काम. पुरुषांनी खड्ड्यातली माती खणायची, बायांनी टोपल्यांनी ती बांधावर टाकायची. मी एका टोळीचा म्होरक्या झालो. कुणी केलं नाही, मीच झालो.

ते काम मजूर सोसायटीकडं होतं. सोसायटी सहकारी, सभासद आम्ही मजूरच. चेअरमन मात्र गावातला मोठा बागाईतदार. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना लिंबाखाली बसवून सांगितलं, “तुमी मजूर न्हाई, मालक हायेत. ही सोसायटी तुमचीच हाय.” आम्हाला बरं वाटलं. मला जरा जास्तच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा पुतण्या सुपरवायझर म्हणून खुर्चीवर बसायला लागला आणि मालक लोक त्याच्यासमोर टोपल्या वाहायला लागले.

कावूनतात्या आला तो पायी, धुळीनं पांढरा होऊन. एसटी आमच्या कामावर थांबत नव्हती. त्यानं कंडक्टरला विचारलं होतं, “इथं शंभर मानसं राबत्यात, मग गाडी थांबत न्हाई ती कावून?” कंडक्टरनं दोनदा उत्तर दिलं, तिसऱ्यांदा घंटी मारून त्याला वाटेतच उतरवलं. पुढंही गाडी कधी थांबली नाही. तात्या मात्र दर खेपेला विचारायचा आणि दर खेपेला उतरवला जायचा. कौसा म्हणायची, “ह्या मानसाला गप बसून यायला काय होतंय?” पण तो आला की पाण्याचा तांब्या घेऊन पहिली तीच उठायची.

तो मजुरांच्या युनियनचा माणूस होता. युनियन म्हणजे तो, बीडमधली एक खोली, आणि अशा कामांवरचे जे येतील ते. मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, “मला तुमची वकिली नको.”

“कावून नको?”

“माझं मी बघतो.”

“लई चांगलं,” तात्या म्हणाला. “आन तुझ्या टोळीतल्या बाकीच्यांचं?”

“त्यांचंबी मीच बघतो.”

“त्यांना इचारलंस?”

मी उठून गेलो. तो माझ्या टोळीत बसून राहिला, त्यांच्याच फडक्यातली मिलोची, त्या अमेरिकेहून आलेल्या जोंधळ्याची, लाल भाकरी मोडून खात. संध्याकाळपर्यंत माझ्या टोळीतली मी सोडून सगळी माणसं युनियनमध्ये होती. मी दुसऱ्या दिवशी झालो. एकट्यानं बाहेर राहणं म्होरक्याला शोभत नाही, म्हणून झालो. पटलं म्हणून नाही.

त्याची विचारण्याची तऱ्हा निराळी होती. त्यात भांडण नसायचं. पाण्याचा बॅरल उन्हात असायचा आणि सुपरवायझरची खुर्ची लिंबाच्या सावलीत. आम्ही रोज ते कढत पाणी प्यायचो आणि मनात शिव्या द्यायचो. तात्यानं सुपरवायझरला विचारलं, “साहेब, बॅरल तिथं कावून ठिवला?” तो म्हणाला, तसाच ठेवलाय. तात्या म्हणाला, बरं. मग एक बाई पाणी प्यायला गेली, तिनं विचारलं. मग दुसरी गेली. तात्यानं त्यांना एवढंच सांगितलं होतं की पाणी प्या, आणि मनात असलं तर इचारा. दुपार व्हायच्या आत सुपरवायझरनं स्वतः दोन गडी लावून बॅरल लिंबाखाली आणला. खुर्चीही तिथंच राहिली, पण तिच्या पायाशी चिखल व्हायला लागला, तेव्हा तोच ती थोडी लांब घेऊन बसायला लागला.

दुसरी त्याची सवय मला अजिबात आवडली नव्हती. तो कचेरीत एकटा कधी जायचा नाही. ज्याचं काम त्याला बरोबर घ्यायचा, आणि तिथं गेल्यावर स्वतः गप्प राहायचा. लहान लेकरांसाठी कामावर सावली करून द्यायची होती, तर हा म्हणाला, आष्टीच्या कचेरीत कौसा येईल. मी म्हणालो, माझी बायको कचेरीत जाणार नाही. त्यानं मान आणखी कलती केली आणि विचारलं, “कावून?” कौसा लुगडं बदलून तयार उभी होती. ती गेली. परत आली तेव्हा मी विचारलं नाही काय झालं ते. तिनंही आठ दिवस सांगितलं नाही. माझ्या नाकाला ते लई झोंबलं.

एकदा मी त्याला म्हणालो, “तुमी पुढारी ना? मग कचेरीत तोंड कावून उघडत न्हाई?” तो म्हणाला, “मी बोललो तर सायब म्हनंल, युनियनवाले असंच बोलत्यात. तू बोललास तर त्याला तुझ्याकडं बघावं लागंल. मी तुझ्या शेजारी हुबा हाय की. पळून न्हाई गेलो.” मला तेव्हा ती पळवाटच वाटली.

आता खांबाचं सांगतो. माती खणताना प्रत्येक खड्ड्याच्या मध्यभागी मूळ जमिनीचा एक खांब तसाच राखायचा असतो. भोवतालची माती निघून जाते, खांब उभा राहतो. त्याचा माथा म्हणजे पहिली जमीन. माप घेणारा माथ्यापासून खाली टेप सोडतो आणि किती खोल खणलं ते कळतं, त्यावर मजुरी ठरते. म्हणून त्या खांबाला कुणी हात लावायचा नाही. काही कामांवर लोक खांबाच्या डोक्यावर हळूच माती चढवतात, म्हणजे खड्डा आहे त्याहून खोल दिसतो. हे सगळ्यांना माहीत होतं, सुपरवायझरलाही.

माझ्या मायला मापाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिचं म्हणणं एकच, पाण्याची जागा उकरताय तर आधी आसरांना बसवा. आमच्याकडं विहीर असो, तळं असो, कडेला सात खडे शेंदूर लावून मांडतात. त्या सात आसरा, पाण्याच्या धनिणी. पण तळ्याच्या कडेला दिवसभर गाढवं, माणसं, टोपल्या. देवाला पाय लागायचा. मायनं सगळीकडं नजर फिरवली, आणि तिला दिसलं की या सबंध कामावर एकच जागा अशी आहे जिथं कुणी पाय ठेवत नाही. आमच्या खड्ड्यातला खांब.

आमावस्येच्या दिवशी, आम्ही भाकरी खायला बसलो असताना, ती खड्ड्याच्या कडेवरून फळी टाकून खांबापर्यंत गेली. माथा वाकडा होता, खडे राहीनात. तिनं चिखल कालवला, वीतभर उंचीचा ओटा केला, शेणानं सारवला, वर शेंदूर लावून सात खडे मांडले, हळदीकुंकू वाहिलं. मी ते पाहिलं. देवाचं काम म्हणून बरंच वाटलं. त्या ओट्यामुळं खांब वीतभर उंच झाला, हे आमच्या टोळीत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सुपरवायझरच्या आलं. तो टेप घेऊन आला, खांबाकडं पाहिलं, आणि म्हणाला, “शेंदूर लावला म्हंजी आमाला कळत न्हाई का बे? माती चढवलीय. चोर हायेत सगळे.” आमचे टिकाव, फावडी, टोपल्या जमा करून घेतल्या आणि सगळी टोळी कामावरून काढली. काम गेलं म्हणजे तिथं खायला मिळणारी सुकडी गेली, टँकरचं पाणी गेलं, आणि कुणी पुण्याकडं, कुणी रेल्वेच्या लायनीवर असं पांगायचं. गाव त्या साली असंच रिकामं होत होतं. टोळीतल्या बाया बांधावरच रडायला बसल्या. मी मात्र चोर या शब्दापाशीच अडकलो होतो.

तात्याला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी तो आला, नेहमीसारखा पायी. मला वाटलं आता हा चेअरमनच्या दारात घोषणा देईल. तो माझ्या मायजवळ बसला आणि म्हणाला, “माय, खडे खांबावर कावून मांडलेत?” मायनं सांगितलं. तो बराच वेळ मान हलवत राहिला. मग माझ्याकडं वळला. “हेच तू चेअरमनला सांगायचं.”

“मी न्हाई सांगणार.”

“कावून?”

“मी चोर न्हाई. जो न्हाई त्यानं, न्हाई म्हनून कावून सांगायचं? त्यानं शब्द मागं घ्यावा, मग बोलतो.”

“आन तवर ह्या बायांनी काय करायचं?”

“तुमी सांगा की. तुमी युनियन हायेत.”

“मी खड्ड्यात नव्हतो,” तात्या म्हणाला. “मी सांगितलं तर ती ऐकीव गोष्ट. तूच सांग.”

तो दिवस आम्ही दोघं एकमेकांकडं पाठ करून बसलो. टोळीतल्या लोकांनी मला समजावलं, कौसानं जेवण पुढ्यात आपटलं. मी हललो नाही. तात्याही हलला नाही. रात्री तो आमच्याच छपरात झोपला, आणि सकाळी उठून चेअरमनकडं गेला. काय बोलला माहीत नाही, पण दुपारी चेअरमन जीपमधून तळ्यावर आला आणि लिंबाखाली बसला. काम थांबवून सगळी माणसं जमली.

चेअरमन वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला पाहिजे. त्याला सगळं आपल्या घरातलं वाटायचं, एवढंच. तो हसत म्हणाला, “तात्या, ही सोसायटी मजुरांची. इथं मालक हेच सगळे. मग मालकांना युनियन कशाला पायजे?”

“खरं हाय साहेब,” तात्या खाली मातीत बसलेला, तिथूनच म्हणाला. “पर मग मालकाला कामावरनं काढलं कुनी?”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. चेअरमनही मिशीत हसला. “बरं. तुमचं म्हननं काय?”

“आमचं म्हननं एवढंच, मानसाला काढायच्या आधी त्याला इचारावं. चोरी केली असंल तर काढा, युनियन आडवी येनार न्हाई. पर आधी इचारा. इचारलं न्हाई.”

“मग आता इचारतो. बोला.”

“मी न्हाई बोलनार. गेनबा बोलंल.”

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी जमिनीकडं. एकीकडं तो चोर शब्द, दुसरीकडं ही भीती की देवाचं सांगितलं तर हे शिकलेले लोक माझ्या मायला हसतील. सुपरवायझर म्हणाला, “बगा, काय हाय बोलायला?” मी तात्याकडं पाहिलं. तो काडीनं मातीत रेघोट्या ओढत होता. त्यानं वर पाहिलं नाही. पण उठून गेला नाही, आणि माझ्या वतीनं एक शब्द बोलला नाही. तिथं माझ्या लक्षात आलं की मी बोललो नाही तर हा माणूस अंधार पडेपर्यंत असाच बसेल आणि ही सगळी माणसंही.

मी म्हणालो, “त्या खांबावर माती हाय. आमच्याच मानसानं चढवली.”

“घ्या,” सुपरवायझर म्हणाला. “कबूल झालं.”

चेअरमन उठायला लागला. तात्या तेव्हा परत बोलला. “थांबा साहेब. अजून कावून ते इचारलं न्हाई.”

चेअरमन परत बसला. “कावून चढवली रे गेनबा?”

मग मी सांगितलं. आमावस्या, खडे, गाढवं, पाय न लागणारी जागा. सांगता सांगता मलाच पहिल्यांदा कळलं की मायचं डोकं कसं बरोबर चाललं होतं आणि आम्ही कसे आंधळे होतो. कुणी हसलं नाही. चेअरमननं पायातल्या चपला काढून बाजूला सरकवल्या. त्याच्या स्वतःच्या विहिरीवर आसरा होत्याच.

“आता ह्याचं माप घ्यावं कसं?” सुपरवायझर चुळबुळत म्हणाला. “देव तर हलवता येत न्हाई.”

माझी माय पुढं आली. “माज्या हातानं बसल्यात, माज्याच हातानं उठतील. पर तळ्याला पानी यील तवा बांधावर त्यांना पक्की जागा द्यायची. हे चेअरमननं समद्यांच्या म्होरं म्हनावं.”

चेअरमननं म्हटलं. माय फळीवरून गेली, एकेक खडा कपाळाला लावून ओटीत घेतला. मागोमाग कौसानं ओटा हातानं उकरून काढला. खाली गेल्या सालचं वाळलं गवत तसंच दाबलेलं निघालं, मूळ जमिनीचं. सुपरवायझरनं टेप सोडला. माप निघायला पाहिजे तेवढंच निघालं. फावडी, टोपल्या परत मिळाल्या.

तात्यानं चेअरमनला तेवढ्यावर सोडलं नाही. “साहेब, इथनं पुढं कुन्याबी टोळीला काढायचं असंल तर आधी इथंच लिंबाखाली समद्यांम्होरं इचारायचं. येवढं ठरवा.”

“बघू.”

“बघू कावून? ठरवायला काय लागतंय?”

चेअरमननं हात जोडले. “ठरलं. आता मला घरी जाऊ द्या.”

मी सुपरवायझरसमोर जाऊन उभा राहिलो. तो पुटपुटला, “चुकलं.” मी म्हणालो, “आयकू आलं न्हाई.” तात्यानं मागून माझा सदरा ओढला, पण मी हललो नाही. सुपरवायझर मोठ्यानं म्हणाला तेव्हाच हललो. परतताना तात्या म्हणाला, “हे युनियनच्या मागनीत नव्हतं.” मी म्हणालो, “माझ्या मागनीत व्हतं.” तो हसला. त्याला हसताना खोकला यायचा, त्या दिवशी बराच वेळ थांबला नाही.

पुढच्या साली पाऊस झाला, तळ्यात पाणी आलं, बांधावर आसरांना दगडी चौथरा झाला. भागात साखर कारखाना निघाला, मी तिथं यार्डात लागलो आणि तिथल्या युनियनमध्ये म्हातारा होईपर्यंत राहिलो. तात्या ते बघायला नव्हता. खोकला छातीत गेला होता. बीडच्या दवाखान्यातच तो वारला, आम्ही पोचलो ते माती झाल्यावर. त्याच्या खोलीसमोर हमाल, विडीवाल्या बाया, झाडूवाले बसलेले होते. कुणाचा तो कोण लागत होता कुणास ठाऊक. सगळे घरचं माणूस गेल्यासारखे बसले होते.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होतो, लिंबाखालच्या. त्याला गाडी थांबते त्या फाट्यापर्यंत पोचवायला मी गेलो. तोवर मी त्याला टोमण्याशिवाय कधीच काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. “तात्या, तुमी हे कावून करता?”

त्याला उत्तर द्यायची सवय नसावी. चालता चालता म्हणाला, “बाजारात लई वर्सं पोती वाह्यली. एक दिवस गेलो तर म्हन्ले, उद्यापासनं येऊ नको. कावून ते सांगितलं न्हाई. दुसऱ्यांना इचारलं, त्यांनाबी म्हाईत न्हाई. आता सांगनारा मालकबी मेला.” मग म्हणाला, “अजून ध्यानात येतं मधीच. जेवताना म्हन, नाहीतर गाडीत बसल्यावर. काय केलं असंल आपुन?”

एसटीचा आवाज लांबून येत होता. तो म्हणाला, “कड्याच्या म्होरं रस्त्याच्या खडीवर बायांची टोळी हाय. काल समद्यांना काढलं म्हनं. मला दवाखान्यात जायचंय. तू जातूस का?”

“मी? मला लिहितावाचता धड येत न्हाई. मी जाऊन काय करू?”

“काय न्हाई. नुसतं जा,” तो म्हणाला आणि गाडीला हात करायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कौसाला सांगितलं की आज टोळी तू बघ, आणि भाकर बांधून कड्याच्या वाटेला लागलो. खडीच्या ढिगापाशी बाया गाठोडी बांधून बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, “तुमी कोन?” मी म्हणालो, “युनियनचा,” आणि खाली खडीवर बसलो. म्हातारी बोलायला लागली. तिचं अगदी मुळापासून होतं, लेकीच्या लग्नापासून. ऊन डोक्यावर आलं तरी तिचं संपलं नव्हतं. मी मध्ये एक शब्द बोललो नाही.